वीस हजारांचा कागद

एकांनी लिहिलंय की कामावर अपघात झालेल्या ठेकेदाराच्या कामगाराने कागदावर सही करून पैसे घेतले, की भरपाईचा विषय संपला. नाही संपत. माझ्याच भाच्याचं सांगतो. २०१८ साली भोसरीत सहा-सात माणसांच्या शेडमध्ये पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापायचं यंत्र) त्याचा उजवा अंगठा गेला, मुळापासून. वय तीस. दवाखान्यातून आल्यावर तिसऱ्या दिवशी ठेकेदार पेढे आणि स्टॅम्पपेपर घेऊन घरी हजर (पेढे कशाचे, देव जाणे). वीस हजार, 'काही तक्रार नाही', खाली सही. डाव्या हाताने केलेली.

तेव्हा कामावरच्या अपघातांसाठी १९२३ चा भरपाई कायदा लागू होता. त्याच्या कलम १७ नुसार हक्क सोडल्याचा असा करार रद्दबातल. आणि कलम १२ मुळे ठेकेदाराच्या माणसासाठी मूळ मालकही बांधील.

हिशोब बघा. अंगठा गेला तर ३० टक्के अपंगत्व धरतात. पगार १४ हजार होता, पण तेव्हा कायद्यात मोजायचे ८ हजारच. १५ हजारांची मर्यादा जानेवारी २०२० मध्ये आली. आठ हजारांचे ६० टक्के, गुणिले कायद्यात वयानुसार दिलेला तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८, त्याचे ३० टक्के: जवळपास तीन लाख. महिन्याभरात दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज.

दावा लावायची मुदत दोन वर्षं. आमची निम्मी 'मालक माणूस चांगला आहे' म्हणण्यातच गेली. शेवटी पहिलं काम केलं ते, तो तिथे कामाला होता याचा पुरावा म्हणून, हजेरीच्या वहीच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवायचं.