क्लचच्या टाकीतलं ऑईल बदललं, पण स्लेव्हमधलं?

सिरिंजनं टाकीतलं काळं ऑईल ओढायचं, नवं भरायचं, पेडल दाबून पुन्हा तेच, ही टाकीतूनच करायची पद्धत चांगलीच. पण तिनं जुन्यात नवं मिसळतं एवढंच. खरी घाण खाली स्लेव्ह सिलिंडरात (ऑईलच्या दाबानं क्लच सोडवणारा सिलिंडर) बसते, ती त्याचं ब्लीड निपल (ऑईल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) उघडल्याशिवाय निघत नाही. डॉट ४, म्हणजे हेच क्लचचं ऑईल, हवेतली ओल शोषतं आणि मग लवकर उकळतं. मानकाप्रमाणे नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान १५५. आपल्या खानापूर-जांबोटीच्या पावसात हे मनावर घ्याच.

चोर्ला घाटात ट्रकांमागं हाफ-क्लचवर चढताना ऑईल तापून त्यात वाफ धरायची आणि माझ्या स्पोर्ट्स कारचं क्लच पेडल खालीच राहायचं. निपलमधून सगळं ऑईल काढून नवं भरल्यावर ते थांबलं. आणि डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात चुकूनही मिसळू नका.