‘व्हेल शार्क’ला देवमासा म्हणावे का?

प्रश्न : बातम्यांत व्हेल शार्कसाठी कधी ‘देवमासा’ तर कधी ‘व्हेल मासा’ छापतात. बरोबर काय?

उत्तर १ : दोन्ही चूक. देवमासा म्हणजे व्हेल, तो सस्तन प्राणी. व्हेल शार्क ही मुशी, म्हणजे शार्क, मालवणकडे मोरी. सांगाडा हाडांचा नव्हे, कूर्चेचा (कानाच्या पाळीसारख्या लवचिक ऊतीचा). किनाऱ्याला लागलेले धूड ओळखायचे तर आधी शेपटी बघा. मुशीची उभी असते, व्हेलची आडवी. मग डोक्यामागे बघा, दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या पाच-पाच फटी दिसतील. पाठीवर फिकट ठिपके आणि रेघा असल्या की शंकाच उरत नाही.

उत्तर २ : पण ‘नरभक्षक’ हे विशेषण हिला कृपा करून लावू नका. दात हजारोंनी असले तरी जेमतेम काही मिलिमीटरचे, खाण्यात त्यांचा उपयोग नाही. ती तोंडात पाणी घेते आणि कल्ल्यांजवळच्या चाळणीतून गाळते. प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव), माशांची अंडी, जवळ्याएवढी कोळंबी मागे राहते. मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर सव्वासहा मीटरच्या मुशीचा हिशेब मांडला गेला, तो तासाला ६०० घनमीटरहून जास्त पाणी असा निघाला.

प्रश्न : ‘अंडी घालते’ की ‘पिले देते’?

उत्तर १ : पिले देते. १९५३ साली मेक्सिकोच्या आखातात अंड्याचे कवच सापडल्यामुळे ती अंडी घालते असा समज झाला होता. १९९५ मध्ये तैवानजवळ मारलेल्या १०.६ मीटरच्या मादीच्या पोटात सुमारे ३०० पिले निघाली आणि तो समज मागे पडला. अंडी पोटातच फुटतात, म्हणून नेमका शब्द ‘अंडजरायुज’.

उत्तर ३ : ‘पृष्ठभागावरचा मासा’ असेही लिहू नये. उबदार, साधारण २१ अंशांवरचे पाणी तिला मानवते आणि वर चरताना ती सहज दिसते, एवढे खरे. पण ती १,८०० मीटरहूनही खोल बुडी मारते.

उत्तर २ : सौराष्ट्रातले जुने नाव ‘बॅरल’. गळाला पिंपे बांधून तिला दमवत, त्यावरून पडलेले. यकृताचे तेल होड्यांना चोपडत. मे २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, तिचा समावेश झाला आणि २००४ पासूनच्या तिला वाचवण्याच्या मोहिमेत ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, हे नाव रुजले. जाळ्यात आलीच तर जाळे कापून सोडावी. शेपटीला दोर बांधून उलटी ओढली तर कल्ल्यांतून पाणी नीट वाहत नाही आणि ती गुदमरते. संरक्षित जीव सोडवताना फाटलेल्या जाळ्यापोटी महाराष्ट्रात २५,००० रुपयांपर्यंत भरपाई आहे. अर्जात ‘व्हेल शार्क’ असेच लिहा, ‘देवमासा’ नको.