ओबामाकेअर: कायदा नको, पण त्यातलं काहीच जायला नको

सह्याद्रीपार (धागा):

१ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस अमेरिकेचं फेडरल सरकार बंद होतं. एवढं लांबलेलं शटडाउन या देशाने आधी पाहिलं नव्हतं. भांडण कशावरून? ओबामाकेअरच्या, म्हणजे ओबामांच्या २०१० च्या आरोग्यविमा कायद्याखाली घेतलेल्या विम्याच्या, प्रीमियमवर २०२१ पासून मिळणारी वाढीव सबसिडी २०२५ अखेर संपणार होती, ती पुढे चालू ठेवायची की नाही यावरून. डेमोक्रॅट म्हणाले, आधी सबसिडी. रिपब्लिकन म्हणाले, आधी सरकार उघडा. सरकार उघडलं, डिसेंबरात सिनेटमध्ये मतदानही झालं, लागणारी ६० मतं काही जमली नाहीत आणि वर्ष संपलं तशी सबसिडीही संपली. आता इथल्या आपल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रीमियमचे स्क्रीनशॉट फिरताहेत आणि त्यांच्याखाली तीच जुनी हाणामारी.

माझं म्हणणं असं की हे भांडण आरोग्याचं फारसं नाहीच. कायदा कोणी केला, याचं आहे. प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे ही अट कुठून आली बघा. १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या उजव्या संस्थेने ती मांडली. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी ती आपल्या राज्यात अमलात आणली. तेव्हा ती 'वैयक्तिक जबाबदारी' होती. २००९ मध्ये ओबामांनी उचलल्यावर तोच समाजवाद झाला. त्या ऑगस्टमध्ये खासदारांच्या गावसभांमध्ये लोक किंचाळत होते. २००८ च्या रिपब्लिकन उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी 'डेथ पॅनेल'ची, म्हणजे कोणाला उपचार द्यायचे हे सरकारी समिती ठरवणार अशी, आवई उठवली. साउथ कॅरोलायनात एका सभेत तर एकाने खासदाराला बजावलं की सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावायचा नाही. म्हाताऱ्यांसाठीचं हे मेडिकेअर सरकारच चालवतं, १९६५ च्या कायद्याने.

कायदा मंजूर झाला तो सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३९, हाउसमध्ये (संसदेचं खालचं सभागृह) २१९ विरुद्ध २१२. दोन्हीकडे रिपब्लिकनांचं एकही मत कायद्याच्या बाजूने नाही. मग २०१७ मध्ये हाउस, सिनेट, व्हाइट हाउस सगळं त्यांच्या हातात आलं तेव्हा काय झालं? त्यांच्याच पक्षाचे सिनेटर जॉन मॅकेन यांनी रात्री उशिरा अंगठा खाली केला आणि रद्द करण्याचा प्रयत्न ४९-५१ ने पडला. सात वर्षं 'रद्द करू' म्हणणाऱ्यांकडे त्या जागी ठेवायला काही नव्हतं. या कायद्याने विमा निवडून घ्यायचा जो बाजार (मार्केटप्लेस) उभा केला, तोच केंटकीत 'कायनेक्ट' नावाने चालला. तिथे सर्वेक्षणांत लोक कायनेक्टबद्दल बरं बोलायचे आणि ओबामाकेअरचं नाव काढलं की नाक मुरडायचे.

तेव्हा विरोधकांना साधा प्रश्न. आधीचा आजार आहे म्हणून विमा नाकारायचा नाही, मुलं २६ वर्षांची होईपर्यंत आईवडिलांच्या विम्यावर, आयुष्यभराच्या खर्चाला कमाल मर्यादा नाही. यातलं नेमकं काय काढू या?

लोनस्टार डॉक्टर:

तुम्ही प्रश्नच असा विचारलाय की विरोध करणारा दुष्ट ठरावा. या तीन गोष्टींना विरोध करणारा रुग्ण मला टेक्सासात अजून भेटलेला नाही. विरोध आहे तो त्यांच्यासोबत गळ्यात मारलेल्या बाकीच्या कायद्याला.

सरकारचेच आकडे घ्या. हेल्थकेअर डॉट गव्ह ही त्या बाजाराची केंद्र सरकारची वेबसाइट वापरणाऱ्या राज्यांत स्वतःचा विमा स्वतः घेणाऱ्यांचा सरासरी वार्षिक प्रीमियम २०१३ मध्ये २,७८४ डॉलर होता, २०१७ मध्ये ५,७१२. चार वर्षांत दुपटीहून जास्त. 'तुमचा प्लॅन आवडत असेल तर तो तुमच्याकडेच राहील' हे ओबामांनी किती वेळा सांगितलं? २०१३ मध्ये लाखो लोकांना प्लॅन बंद झाल्याची पत्रं आली. ते वाक्य त्या वर्षीचं सर्वांत मोठं असत्य म्हणून गाजलं, आणि ते ठरवणारी, नेत्यांची विधानं तपासणारी पॉलिटिफॅक्ट ही काही उजव्यांची संस्था नव्हे.

कार्ड हातात असणं आणि उपचार मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्याकडे ब्राँझ, म्हणजे कमी प्रीमियमच्या, प्लॅनवाले येतात. डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) इतकं मोठं की एमआरआय सांगितला तर म्हणतात, 'डॉक्टर, पुढच्या वर्षी बघू.' विम्यात चालणाऱ्या डॉक्टरांचं नेटवर्क इतकं अरुंद की हृदयाच्या डॉक्टरला गाठायला दोन तास गाडी. वर याच कायद्याने डॉक्टरांनी मिळून काढलेल्या नव्या हॉस्पिटलांना मेडिकेअरची दारं बंद केली. जुन्यांनाही सहज वाढता येत नाही. फायदा कोणाचा? मोठ्या हॉस्पिटल साखळ्यांचा. आणि दिवसभर रुग्णाकडे पाठ करून कॉम्प्युटरमध्ये नोंदी भरायचं जे झंगट मागे लागलं, तेही यांचंच देणं.

मीनल, न्यू जर्सी:

डॉक्टरसाहेब, तुमच्या ब्राँझवाल्यांचं दुःख खरं आहे. पण कायदा नव्हता तेव्हा काय होतं हेही सांगते.

सासू-सासरे ग्रीन कार्डवर आले. सासऱ्यांना मधुमेह, त्यात एक स्टेंट. मेडिकेअर विकत घ्यायचं तरी इथे सलग पाच वर्षं राहावं लागतं. गरिबांसाठीच्या सरकारी विम्याला, मेडिकेडलाही, बहुतेक ठिकाणी पाच वर्षांची वाट. खासगी कंपन्या अर्जातला मधुमेह वाचूनच पत्र पाठवायच्या, 'क्षमस्व'. उरला तो व्हिजिटर इन्शुरन्स, आणि त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं की आधीच्या आजाराचं काही मिळणार नाही. म्हणजे हृदय सोडून बाकी सगळ्याचा विमा! २०१४ पासून मार्केटप्लेसमध्ये त्यांना प्लॅन मिळाला. प्रीमियम जड होता, पण नाही कोणी म्हणालं नाही.

आमच्या मंडळात ओबामाकेअरला सगळ्यात मोठ्या आवाजात शिव्या देणाऱ्या काकांचे आईवडील त्याच मार्केटप्लेसच्या प्लॅनवर होते. ते सांगायचे, 'आम्ही ओबामाकेअर नाही घेतलं, आम्ही वेबसाइटवरून घेतलं.'

खर्डेघाशा:

डॉक्टर, नोंदींचं झंगट या कायद्याचं नाही. इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी पैसे आणि दंड फेब्रुवारी २००९ च्या आर्थिक स्टिम्युलस कायद्यात होते. ज्याचं पाप त्याच्या माथी.

मी लोकांचे टॅक्स रिटर्न भरतो, म्हणून २०२६ चं गणित सांगतो. भावनेपेक्षा ते कामाचं. २०२१ ते २०२५ या काळात उत्पन्न कितीही असलं तरी बेंचमार्क प्लॅनसाठी (ज्यावरून सबसिडी मोजतात तो) उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांहून जास्त भरावं लागत नव्हतं. आता जुनी रेघ परत आली, दारिद्र्यरेषेच्या चारपट. दोघा नवरा-बायकोंना २०२६ साठी ती ८४,६०० डॉलरवर येते. ८४,५०० कमावले तर सबसिडी आहे, ८४,७०० कमावले तर शून्य. साठी ओलांडलेलं जोडपं असेल तर त्या दोनशे डॉलरच्या फरकाने वर्षाला हजारो डॉलर जातात.

आणि जे फार कोणी वाचलेलं नाही ते हे: आगाऊ सबसिडी घेतली आणि वर्षअखेर उत्पन्न अंदाजापेक्षा जास्त निघालं, तर पूर्वी कमी-मध्यम उत्पन्नवाल्यांकडून ठरावीक रकमेपर्यंतच वसुली व्हायची. जुलै २०२५ च्या कायद्याने ती मर्यादा काढली. २०२६ च्या उत्पन्नाच्या रिटर्नपासून सगळी रक्कम परत मागतील. कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्यांनी अंदाज देताना हात सैल सोडू नये.

ओहायोचा दुकानदार:

चला, कोणीतरी आकडे बोललं. ते ८४,७०० वालं जोडपं म्हणजे मी आणि माझी बायको. दुकान आमचं, विमा आमचा, वरून विमा द्यायला कोणी कंपनी नाही.

सह्याद्रीपार, तुमचा पूर्ण लेख एका गृहीतकावर उभा आहे की विरोध करणारे अडाणी आहेत, त्यांना स्वतःचं मेडिकेअर कोणाचं हेही कळत नाही. मला सगळं कळतं. मला कळतं की पन्नास फुलटाइम माणसं झाली की सक्तीने विमा द्यावा लागतो आणि फुलटाइम म्हणजे आठवड्याला ३० तास. म्हणून आजूबाजूच्या धंद्यांनी पोरांना २९ तासांवर आणून ठेवलं. त्या पोरांना विचारा त्यांना सुधारणा कशी वाटली. मला हेही कळतं की म्हाताऱ्यांकडून तरुणांच्या तिपटीहून जास्त प्रीमियम घ्यायचा नाही असा नियम आहे, म्हणजे फरक भरतो कोण? पंचविशीतला माझा भाचा.

तुम्ही सगळे मोठ्या कंपन्यांत नोकरीला. तुमचा प्रीमियम कंपनी भरते, त्यावर टॅक्सही नाही. ज्यांचा विमा दुसरं कोणी भरतं त्यांना आमच्या विम्याबद्दल उदार होणं परवडतं.

आणि तुमच्या त्या सक्तीच्या अटीला २००८ मध्ये खुद्द ओबामांचा विरोध होता. पक्षाच्या उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटन यांच्याशी लढताना त्याच मुद्द्यावर भांडले, निवडून आल्यावर तीच घेतली. हे सोयीस्करपणे राहिलं का लिहायचं?

डावखुरा:

दुकानदारांशी निम्मा सहमत. 'विमा दुसरं कोणी भरतं' हे मात्र खरं नाही. तो पैसा नोकराच्या पगारातूनच जातो, फक्त त्याला दिसत नाही.

दोन्ही पक्षांच्या भांडणात खरा मुद्दा बाजूला पडतो. ओबामाकेअरने कोणी भरायचं हे बदललं, किती भरायचं याला फारसा हात लावला नाही. विमा कंपन्यांना सांगितलं की वैयक्तिक विम्यात प्रीमियमचे किमान ८० टक्के उपचारांवर खर्च करा, उरलेल्या २० मध्ये तुमचा कारभार आणि नफा. ऐकायला छान. पण त्या २० टक्क्यांतून जास्त पैसे हवे असतील तर काय करायचं? एकूण बिल वाढू द्यायचं!

२००९ मध्ये सरकारी विम्याचा पर्याय त्या बाजारात ठेवायचा प्रस्ताव होता. तो रिपब्लिकनांनी नाही मारला, सिनेटमधल्या साठाव्या मताने मारला. कनेटिकटचे जो लीबरमन म्हणाले, हे असेल तर मी नाही. म्हणजे पक्षाने ६० मतं जमवली आणि त्यातल्या एकाच्या दारात उभं राहून भीक मागितली. तैवानने १९९५ मध्ये सगळ्या देशाला एका सरकारी विम्याखाली आणलं. इथे आपण ८४,६०० ची रेघ मोजत बसलोय.

लोनस्टार डॉक्टर:

एकच सरकारी विमा? मेडिकेडचे दर काय आहेत माहीत आहे का? अनेक दवाखाने त्याचे नवे रुग्ण घेत नाहीत, कारण एक रुग्ण तपासायला जेवढा खर्च येतो तेवढेही पैसे सुटत नाहीत.

डावखुरा:

१९६१ मध्ये रोनाल्ड रेगन (पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले) यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेसाठी रेकॉर्ड काढली होती. म्हाताऱ्यांना सरकारी विमा दिला तर स्वातंत्र्य संपेल, असं त्यात बजावलं होतं. चार वर्षांनी मेडिकेअर आलं. डॉक्टर काही उपाशी मेले नाहीत.

नाशिकहून:

मी बाहेरचा, पण वाचतोय. एक कळत नाही. अमेरिकेत विमा नोकरीला का बांधलाय? नोकरी गेली की नेमका तेव्हाच विमा जाणार, हे कोणाच्या डोक्यातून निघालं? बाकी एवढं भांडून झाल्यावर तुम्ही सगळे डिसेंबरात इकडे येता आणि आमच्या डेंटिस्टची सगळी वेळ अडवून रूट कॅनाल करून जाता, हे आम्हाला दिसतं हो.

सह्याद्रीपार:

रूट कॅनालचा आरोप सर्वपक्षीय आहे, मान्य.

नोकरीचं कारण दुसरं महायुद्ध. १९४२ मध्ये सरकारने पगारवाढ गोठवली. माणसं तर हवी होती, म्हणून कंपन्या पगाराऐवजी विमा देऊ लागल्या. त्यावर टॅक्स नाही हे १९५४ च्या टॅक्स कायद्याने पक्कं झालं. तेव्हापासून दुकानदारांसारखा माणूस या व्यवस्थेच्या बाहेर आहे, ओबामांच्या जन्माआधीपासून. २०१० च्या कायद्याने त्याच्यासाठी एक बाजार उभा केला. तो अपुरा आहे, पण त्याआधी त्याच्यासाठी देशभर असा बाजारच नव्हता. विमा नसलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून साधारण ८ वर आलं, ते हवेतून नाही.

डॉक्टर, हॉस्पिटलांवरची बंदी काढायला माझी ना नाही. एक कलम निघालं. आता तुमच्या राज्याचं सांगा. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मेडिकेड वाढवायचं की नाही हे राज्यांवर सोडलं. वाढीव खर्चाचे ९० टक्के वॉशिंग्टन देतं, तरी टेक्सासने आजतागायत घेतलं नाही. मुलंबाळं नसलेला, दारिद्र्यरेषेखालचा धडधाकट माणूस टेक्सासात मेडिकेडमध्ये बसत नाही, आणि सबसिडी रेषेच्या वर सुरू होते म्हणून तीही नाही. विमा नसलेल्यांचं प्रमाण देशात सर्वांत जास्त तुमच्याकडे. यात आरोग्यधोरण कुठे आहे? डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षाने दिलेले पैसे घ्यायचे नाहीत, एवढंच आहे.

लोनस्टार डॉक्टर:

ते ९० टक्के उद्या ५० झाले तर? वॉशिंग्टनचा शब्द किती टिकतो ते तुम्ही या सबसिडीवरून आत्ताच बघितलंत. पाच वर्षं दिली, लोकांना सवय लावली आणि काढून घेतली. मुळात २०२१ मध्ये तुमच्याच पक्षाने ती मुदतीची का केली? कायमची केली तर खर्च कागदावर मोठा दिसला असता म्हणून. माझ्या राज्याने असल्या वायद्यावर खर्च वाढवला नाही, यात मला शहाणपणच दिसतं.

इमर्जन्सीत विमा नसलेले येतात, त्यांना तपासावंच लागतं, १९८६ पासून तसा कायदा आहे. तो रेगन यांच्या सहीचा आहे, डावखुऱ्यांच्या माहितीसाठी. त्या रात्री आम्ही पक्ष विचारत नाही.

मीनल, न्यू जर्सी:

आणि त्या इमर्जन्सीचं बिल? ते तर विचारतात ना!

खर्डेघाशा, माझ्या नणंदेची नोकरी गेल्या आठवड्यात गेली. कोब्राचा (गेलेल्या नोकरीचाच विमा स्वतः पैसे भरून चालू ठेवायची सोय) आकडा बघून घाम फुटला. मार्केटप्लेससाठी उशीर झाला का?

खर्डेघाशा:

नाही. न्यू जर्सीत २०२६ च्या विम्याची नोंदणी ३१ जानेवारी २०२६ पर्यंत उघडी ठेवली होती. ती हुकली तरी नोकरीचा विमा गेल्यापासून ६० दिवस खास मुदत मिळते. कोब्रा घाईने घेऊ नका. बेकारी भत्ता आणि आतापर्यंत मिळालेला पगार धरून वर्षाचं उत्पन्न आधी नीट मोजा, रेघेच्या कोणत्या बाजूला आहात ते बघा, मग सबसिडीचा अर्ज.