‘सेवक’ म्हणायचे कोणाला: एकाला की सगळ्यांना?

मुद्रितशोधक:
आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक पत्रिकेची मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे असते. यंदा एका तरुण सभासदाने बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायावर लेख लिहिला असून त्याचे पहिलेच वाक्य ‘मंडळीतील प्रत्येक विश्वासणारा हा सेवक आहे’ असे आहे. अंक छापायला जाण्यापूर्वी पंचांपैकी एका ज्येष्ठांनी ‘सेवक’ या शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि समासात ‘सेवक एकच, बाकीचे सभासद’ असा शेरा लिहिला. त्यांचे म्हणणे निराधार आहे असे मला म्हणता येईना, कारण आपल्याकडे ‘सेवक आले का?’ किंवा ‘आज सेवकांच्या घरी प्रार्थना आहे’ असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाळकसाहेबच येतात. लेखकाने त्यावर ‘सेवेकरी’ सुचवला, तर ‘हा शब्द आपला नव्हे’ म्हणून तोही परत आला. ‘कार्यकर्ता’ म्हटले की निवडणूक आठवते आणि ‘स्वयंसेवक’ म्हटले की आणखी काही आठवते. मंडळीची सेवा करण्याचे पाचारण जर प्रत्येकाला आहे, तर ती करणाऱ्या प्रत्येकाला मराठीत काय म्हणावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

पार्क चौक:
ज्येष्ठ पंचांचा शेरा मराठीच्या आजच्या वापराला धरून असेल, पण मूळ मजकुराला धरून नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात, ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने इतरांचे काय व्हावे हे सांगताना, येशूच्या तोंडी दोन वेगळे ग्रीक शब्द आहेत. सव्विसाव्या वचनात ‘डियाकोनोस’ आहे, म्हणजे सेवा करणारा, आणि सत्ताविसाव्यात ‘डूलोस’ आहे, म्हणजे सरळसरळ गुलाम. हे दोन्ही शब्द त्या ठिकाणी पदाची नावे नाहीत. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांना रोजचे अन्न वाटण्याच्या कामालाही ‘डियाकोनिया’ म्हटले आहे आणि प्रेषितांच्या वचनाच्या कामालाही तोच शब्द लावला आहे, म्हणजे ताट वाढणारा आणि उपदेश करणारा यांच्या कामाला भाषेने वेगळे नाव दिलेले नाही. गंमत अशी की त्या अध्यायात निवडलेल्या सात जणांना पुढे परंपरेने ‘डीकन’ (‘डियाकोनोस’वरूनच आलेले मंडळीतले एक पद) म्हटले, पण खुद्द त्या उताऱ्यात त्यांना तो शब्द कोठेही लावलेला नाही. आणि रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात फीबी या स्त्रीला मात्र तो लावलेला आहे. पत्रिकेतला ‘सेवक’ तसाच राहू द्यावा असे माझे मत आहे.

‘डियाकोनोस’चा उगम ‘डिया’ म्हणजे मधून आणि ‘कोनिस’ म्हणजे धूळ असा सांगतात. धुळीतून धावत जाऊन निरोप पोचवणारा तो सेवक, हे सोलापूरकराला तरी समजावून सांगावे लागणार नाही.

शुद्धमती:
व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण ती टिकत नाही. त्या शब्दातला ‘आ’ दीर्घ आहे, ग्रीकच्या आयोनिक बोलीत त्याचे रूप ‘डिएकोनोस’ असे दीर्घ ‘ए’ने होते, आणि ‘डिया’मधला स्वर ऱ्हस्व आहे, त्यामुळे धुळीची ही फोड अभ्यासकांनी केव्हाच बाजूला ठेवली आहे. शिवाय जॉन कॉलिन्स या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने 1990 मध्ये प्राचीन ग्रीक वापर तपासून असे मांडले की हा शब्द मुळात हलक्या कामाचा नसून कोणाच्या तरी वतीने पाठवलेल्या मध्यस्थाचा किंवा प्रतिनिधीचा आहे. ते मान्य केले तर ‘सेवक’ हे भाषांतरच अर्धवट ठरते. सर्वांनाच सेवक म्हणावे असा आग्रह धरणाऱ्यांनी हेही पाहावे की सर्वांना लागू होणारे नाव कोणालाच ओळख देत नाही.

संस्कृतात ‘सेव्’ धातूचा अर्थ जवळ राहणे, आश्रय घेणे, उपभोगणे असाही आहे. म्हणूनच आपण औषधाचे ‘सेवन’ करतो. सेवा म्हणजे राबणे हा अर्थ एकमेव नाही.

शेंगाचटणी:
‘सेवक’ या शब्दाची मराठीत जी दशा झाली आहे ती पाहता ज्येष्ठ पंच कोणत्या सेवकाला जपत आहेत हे मला कळत नाही. महाविद्यालयात ‘शिक्षकेतर सेवक’ म्हणजे घंटा देणारे आणि कपाटे उघडणारे लोक, महानगरपालिकेत ‘नगरसेवक’ म्हणजे ज्यांच्या गाडीसाठी आपण रस्ता सोडायचा ते लोक, आणि कायद्यात ‘लोकसेवक’ म्हणजे ज्याच्या कामात अडथळा आणला तर आपल्यावर गुन्हा दाखल होतो तो माणूस. एकच शब्द एवढ्या उंचीवर आणि एवढ्या खाली एकाच वेळी उभा आहे.

आमच्या उपासनालयात प्रभुभोजन झाले की काचेचे इवलेसे पेले गोळा करून मागच्या खोलीत नेतात. तिथे एक वयस्कर बाई परातीत गरम पाणी घेऊन बसतात, प्रत्येक पेला बोटाने आतून फिरवून धुतात, पांढऱ्या पंचावर उपडा घालतात आणि शेवटी मोजून तबकाच्या भोकांत बसवतात. एखादा कमी भरला तर बाकांखाली वाकून शोधून आणतात. एकदा वर्षाच्या अहवालात ‘सेवकांचे आभार’ या मथळ्याखाली फक्त पाळक आणि पाहुणे वक्ते यांची नावे वाचून दाखवली, तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, “मग मी काय करतेय की ओ इथं?” त्यांना व्याकरणाचा प्रश्न पडला नव्हता.

पूर्वभाग:
मी तेलुगू उपासनेला जाणारा असल्यामुळे पंचांची अडचण मला जवळची वाटते. आमच्याकडे ‘दैवसेवकुडु’ म्हटले की तो पाळकच असतो. ‘संघकापरी’ म्हणजे मंडळीचा राखणदार असा वेगळा शब्द असूनही आदराने बोलताना लोक ‘दैवसेवकुडु’च म्हणतात. सोलापुरात मराठी आणि तेलुगू कुटुंबे एकाच मांडवात प्रार्थनेला बसतात, तेव्हा ‘देवाचे सेवक आले’ हा मराठी वापर आमच्याकडून आला की तुमच्याकडून आमच्याकडे गेला, हे शोधण्यासारखे आहे. आदरार्थी झालेला शब्द पुन्हा सर्वांना वाटून टाकणे भाषेत सहसा होत नाही. ‘साहेब’ सर्वांना झाला, पण त्यासाठी त्याची किंमत उतरावी लागली.

टाळकरी:
‘सेवेकरी’ परका कसा? आमच्याकडे कीर्तनकार उभा राहिला की ‘सेवेसाठी घेतलेला अभंग’ म्हणूनच सुरुवात करतो, आणि अक्कलकोटच्या स्वामींची उपासना करणारे लाखो लोक स्वतःला सेवेकरी म्हणवतात. टाळकरी, विणेकरी, वारकरी यांच्याच ओळीतला तो शब्द आहे. त्यात पद नाही, नेमणूक नाही. जो करतो तो करी. तुमच्या तरुण लेखकाला नेमके हेच सांगायचे आहे असे दिसते.

शुद्धमती:
टाळकरी यांचा प्रत्यय बरोबर आहे, पण शब्दाला माणसे चिकटलेली असतात. ‘सेवेकरी’ वाचून वाचकाला अक्कलकोट किंवा दिंडोरी आठवणार असेल, तर मंडळीच्या पत्रिकेत तो खटकणारच. त्यापेक्षा ‘सेवाधारी’ अधिक भारदस्त आहे.

टाळकरी:
पंढरपूरच्या माणसासमोर ‘सेवाधारी’ भारदस्त म्हणू नये. विठ्ठल मंदिरात बडवे आणि उत्पात यांच्याखेरीज पुजारी, बेणारे, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे या घराण्यांना सेवाधारी म्हणत. ज्याने त्याने देवाचे एकेक काम करायचे, दिवटीचे काम दिवट्यांनी करायचे, पण ते काम घराण्याचा हक्क होते आणि हक्काबरोबर उत्पन्न होते. 1973 च्या कायद्याने हे वंशपरंपरागत हक्क रद्द केले, त्यावर पुढे कित्येक वर्षे न्यायालयात वाद चालला आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर पडदा टाकला. सेवा या शब्दाखाली मालकी कशी वाढते याचा एवढा सविस्तर दाखला आपल्याच जिल्ह्यात असताना तो शब्द कोऱ्या करकरीत अर्थाने घेता येणार नाही. ‘परिचारक’ही सुचवू नका, रुग्णालयात तो पेशा आहे आणि आमच्याकडे आडनाव.

बाळीवेस:
मी ख्रिस्ती नाही, तरीही एक शब्द पुढे ठेवतो. आमच्या घरी कन्नड बोलतात आणि बसवण्णांच्या परंपरेत ‘कायक’ आणि ‘दासोह’ असे दोन शब्द जोडीने येतात. कायक म्हणजे श्रमाने केलेले आपले काम, आणि त्यातून जे मिळाले ते मी दास आहे या भावनेने समाजाला देणे म्हणजे दासोह. मठातल्या पंक्तीलाही दासोहच म्हणतात. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सोलापुरात तळे खोदवले, त्याकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो. संक्रांतीच्या यात्रेत बाराबंदी घालून नंदीध्वज पेलणारा माणूस त्याला सेवा म्हणतो आणि त्याच वेळी तो मानही असतो. 7 नंदीध्वजांचा क्रम कोणी मोडून पाहावा. तेव्हा सेवेला मान चिकटतो ही तक्रार फक्त तुमच्या मंडळीची नाही. ‘दास’ या शब्दाला तुमच्याकडे एवढी टाळाटाळ का, हे मात्र मला समजले नाही, कारण ग्रीक मजकुरात तो आहे असे वर पार्क चौक यांनीच सांगितले आहे.

येसकराची नात:
बाळीवेस यांच्या प्रश्नाचे उत्तर मी देते. माझे आजोबा मोहोळ तालुक्यात येसकरकी करीत. वेस राखायची, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे, मयताचा निरोप गावोगाव पोचवायचा, मेलेले जनावर ओढायचे आणि संध्याकाळी काठीला घुंगरू बांधून दारोदार भाकरी मागायची, हे सगळे ‘वतन’ या नावाने चालत असे. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, आणि कनिष्ठ वतने प्रत्यक्षात खालसा झाली ती 1958 च्या कायद्याने. अशा घरातून मंडळीत आलेल्या माणसाला व्यासपीठावरून ‘आपण सर्व दास आहोत’ असे सांगितले जाते, तेव्हा सांगणाऱ्याच्या घरात ते काम कोणी केले होते का, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही.

योहानाच्या तेराव्या अध्यायात पाय धुणारा गुरू आहे, शिष्य नाहीत. आणि पंधराव्या अध्यायात तोच म्हणतो की यापुढे मी तुम्हाला दास म्हणत नाही, मित्र म्हटले आहे. मी स्वतः संडेस्कूल घेते, रुग्णालयात भेटीला जाते, आणि त्याला सेवाच म्हणते, कारण मला कोणी त्यासाठी जुंपलेले नाही आणि मी उद्या नाही म्हणाले तर माझी भाकरी बंद होणार नाही. पौल स्वतःला ‘डूलोस’ म्हणवतो तेव्हा तो स्वतःबद्दल बोलतो आहे. दुसऱ्याला दास म्हणण्याचा अधिकार त्यातून निघत नाही.

पार्क चौक:
येसकराची नात यांच्याशी मी सहमत आहे, आणि म्हणूनच ‘सेवक’ सर्वांचा असावा असे मला वाटते. तो एकट्याचा झाला की बाकीच्यांच्या वाट्याला फक्त काम उरते. इफिसकरांस पत्राच्या त्याच चौथ्या अध्यायातल्या बाराव्या वचनाचा वाद सारा एका स्वल्पविरामाचा आहे. 1611 च्या इंग्रजी भाषांतरात ‘पवित्र जनांना (म्हणजे विश्वासणाऱ्यांना) सिद्ध करणे’ यानंतर स्वल्पविराम आहे, त्यामुळे सिद्ध करणे, सेवेचे काम आणि मंडळीची उभारणी ही तिन्ही कामे पाळक-शिक्षकांचीच आहेत असे वाचता येते. अलीकडची बहुतेक भाषांतरे तो स्वल्पविराम काढून टाकतात, आणि मग पाळकांनी पवित्र जनांना सिद्ध करायचे व सेवेचे काम पवित्र जनांनी करायचे असा अर्थ निघतो. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातही ज्याला जे दान मिळाले त्याने ते एकमेकांच्या सेवेत लावावे असेच आहे, आणि तिथे ‘प्रत्येकाने’ हा शब्द स्पष्ट आहे. मुद्रितशोधकांनी तरुण लेखकाला विचारावे की त्याच्या अवतरणात स्वल्पविराम आहे का.

पूर्वभाग:
शब्द बदलायचाच असेल तर माणसाऐवजी कामाला नाव द्यावे. ‘प्रत्येकाला सेवकाई सोपवलेली आहे’ असे लिहिले तर पाळकांचे ‘सेवक’ हे नाव अबाधित राहील आणि पेले धुणाऱ्या बाईंचीही सेवकाई होईल. नव्या मंडळ्यांमध्ये हा शब्द सर्रास ऐकू येतो.

शुद्धमती:
ऐकू येतो, कारण हिंदी सभांमधून आला आहे. मराठीत ‘सेवा’ असताना ‘सेवकाई’ कशाला? केडगावात पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करताना खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीचा ध्यास घेतला होता, आणि ते 1924 मध्ये छापून पूर्ण झाले. त्यांच्यानंतर शंभर वर्षांनी आपण शेजारच्या भाषेतले शब्द उचलतो आहोत.

टाळकरी:
खेड्यातल्या बाईला कळणारे मराठी म्हणजे शुद्ध मराठी असे समीकरण कोणी मांडले? ‘आई’ प्रत्यय मराठीला परका नाही. चतुराई, महागाई, दांडगाई, नवलाई हे शब्द आमच्या आजीच्या तोंडी होते, आणि संस्कृत शब्दाला तो लागत नाही म्हणाल तर ‘पंडिताई’ समोरच आहे.

शुद्धमती:
‘पंडिताई’ आहे, पण ती कोणी कौतुकाने वापरत नाही. तिच्यात टोमणा आहे. ‘सेवकाई’ला तोच टोमणा चिकटावा अशी टाळकरी यांची इच्छा नसावी. आणि प्रत्यय इतका मोकळा असेल तर मग ‘शिक्षकाई’ आणि ‘लेखकाई’ का झाले नाहीत, याचे उत्तर त्यांनी द्यावे.

येसकराची नात:
कारण शिक्षकाला आणि लेखकाला पगार किंवा मानधन असते, आणि त्या कामांना ‘शिक्षकी’, ‘लेखन’ अशी नावे आधीच होती. ‘येसकरकी’तला ‘की’ प्रत्यय चालत असेल तर ‘सेवकी’ म्हणा. फक्त ती कोणाच्या घराण्याकडे जाणार हे आधी ठरवून घ्या.

मुद्रितशोधक:
अंक मंगळवारी छापायला जातो आहे. ‘सेवकी’ या शब्दाला कोणत्याही कोशात आधार आहे का?

टाळकरी:
कोशात ‘टाळकरी’ आहे म्हणून आम्ही टाळ वाजवत नाही. येसकराची नात यांनी ‘शिक्षकी’ हे विशेषण आहे की नाम हे आधी स्पष्ट करावे, कारण ‘शिक्षकी पेशा’ म्हणतात, नुसती ‘शिक्षकी’ मी तरी ऐकलेली नाही.