चार कुटुंबं, एक स्वयंपाकघर, एकच तिजोरी: असं राहिलेलं कुणी आहे का इथं?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. आम्ही चार मित्र, कॉलेजपासूनचे, सगळे चाळिशीतले. गेल्या हिवाळ्यात मंगळवेढ्याकडं एकाच्या रानात हुरड्याला जमलो होतो, सात पोरं दिवसभर बांधावर नुसती हुंदडत होती, एकानंही मोबाईल मागितला नाही, आणि आगटीभोवती बसल्या बसल्या विषय निघाला की आपण असंच का राहत नाही. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. गावाबाहेर चार-पाच एकर घ्यायचं, प्रत्येकाला दोन खोल्या, स्वयंपाकघर एकच, गाडी एकच आणि पगार सगळे एका खात्यात. माझी आई दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी असते, बेल वाजली तर तेवढीच बोलायला कुणीतरी मिळतं तिला, तिथं चार घरच्या आज्या एकत्र बसतील. पैसापण वाचेल. कम्यून म्हणा, आश्रम म्हणा, नाव काहीही द्या. कुणी असं राहिलं असेल तर चांगलं-वाईट दोन्ही सांगा, मनापासून विचारतोय.

साखरपेठ_माग
मी अशाच घरात वाढले. आमचं विणकरांचं घर, खाली माग, वर आम्ही, तीन काका धरून एकोणीस माणसं आणि चूल एक. आधी चांगलं सांगते. वडील गेले तेव्हा मी नववीत होते. पुढचे दोन महिने आमची फी कुणी भरली, डबा कुणी दिला हे आईला बघावंच लागलं नाही, आणि मला रात्री झोप लागायची नाही तर काकू उठून जवळ येऊन झोपायची. हे पैशानं मिळत नाही, एवढं लक्षात ठेवा. पाण्याच्या दिवशी तर अजून आठवण येते, चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, तेही कधी रात्री दोनला, पण सगळी उठायची, रांगेत हातोहात कळश्या वर जायच्या, पाऊण तासात हौद भरलेला. आता आम्ही दोघंच मोटर लावून जागत बसतो.

आता दुसरं. दोन्ही वेळच्या मिळून सत्तर-ऐंशी भाकरी व्हायच्या. माझ्या आईच्या उजव्या मनगटाला आतून तव्याचे चटके आहेत, एकावर एक, जुने काळे पडलेले. दुपारी भांडी आवरली की टॉवेलच्या कडा शिवायला बसायचं. मागावरच्या कामाचा हिशोब वहीत लिहिला जायचा, मीटरवर. भाकरीचा हिशोब कुठंच नव्हता. लोकांना वाटतं आमची वाटणी मागांवरून झाली, पण तसं नाही. धाकट्या काकूला शाळेत नोकरी लागली आणि तिची सकाळची पाळी कुणी करायची यावरून चूल वेगळी झाली, मग वर्षभरात माग पण वाटले गेले. दादा, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली, त्यात चार मित्र आहेत, सात पोरं आहेत, आई आहे. वहिनी काय म्हणाल्या ते कुठंय?

पायाला_भिंगरी
मी पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविलला, तिथं देशोदेशीची माणसं एकत्र राहतात, तीन महिने स्वयंसेवक म्हणून राहिलोय. २८ फेब्रुवारी १९६८ ला सुरू झालं, पन्नास हजार माणसांचं शहर करायचं ठरलेलं, अजून तीन-साडेतीन हजाराच्या आसपासच आहेत. पण त्या लोकांनी उजाड लाल मातीवर जे जंगल उभं केलंय ते बघून डोळ्यांत पाणी येतं राव, आपल्याकडच्या माळाची आठवण झाली. दुपारी सोलर किचनला सगळे एकत्र जेवतात, छतावर भलामोठा आरशांचा वाडगा आहे, त्यावर उन्हानं होणाऱ्या वाफेवर शिजवायचे. माणूस एकटा पडत नाही तिथं. त्रास म्हणजे मीटिंगा. साधी गोष्टपण सगळ्यांना पटेपर्यंत बोलत राहायचं, माझ्यासारखा माणूस दमून जातो, आणि एवढं बोलूनही २०२१ च्या शेवटी रस्त्यासाठी झाडं तोडण्यावरून आपसात फूट पडलीच. अजून एक, घर तुम्ही पैसे घालून बांधलं तरी मालकी ऑरोविल फाउंडेशनची, १९८८ चा कायदाच आहे तसा, त्यामुळं उद्या निघायचं म्हटलं तर विकून पैसे घेऊन जाता येत नाही. त्यामुळं मन उडालं तरी राहणारी माणसं असणारच.

माळदांडी
भावनेचं सगळं खरं पण आधी जमिनीचं बघा. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं. तुमच्या चौघांत एकाच्याच नावावर सातबारा असेल तर व्यवहार त्याच्याच नावावर करायचं चाललं असणार, आणि तिथंच पुढं मैत्री तुटते, आमच्या भावकीत बघितलंय मी. नियम राहायला जायच्या आधी लिहून ठेवा, एकजण बाहेर पडला तर त्याला किती, किती दिवसांत, आणि एकजण वारला तर त्याच्या बायकोला काय. वकिलाकडून रजिस्टर करून घ्या. पगार सगळे एका खात्यात नको, खर्चापुरतंच टाका.

तुळजापूर_नाका
साखरपेठ ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. इस्रायलचे किबुत्झ घ्या, म्हणजे सगळं सामाईक असलेल्या शेतीवाल्या वस्त्या, पहिला १९१० चा देगानिया. तिथं स्वयंपाक, धुणं, पोरं सगळं सामाईक होतं, कित्येक ठिकाणी तर पोरं रात्री आईबापाजवळ नाही, मुलांच्या वेगळ्या घरात झोपायची, ते पुढं बंद पडलं कारण आयांनाच नको झालं. देगानियानं तर २००७ मध्ये सगळ्यांना सारखं वाटणं सोडलं, ज्याचा त्याला पगार. पण अमेरिकेत व्हर्जिनियात ट्विन ओक्स नावाचं कम्यून आहे, १९६७ पासून चालू, शंभरेक माणसं. तिथं आठवड्याला बेचाळीस तासांच्या आसपास काम करायचं आणि त्यात स्वयंपाक, भांडी, पोरं सांभाळणं सगळं धरतात, कमाईच्या कामाचा तास आणि भाजी चिरायचा तास सारखाच. मला वाटतं ते इतकी वर्षं टिकलंय ते यामुळंच.

जुळे_सोलापूरकर
ताई, तुमचा प्रश्न वाचून फोन बाजूला ठेवला आणि आत जाऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, हुरड्याच्या दिवशी तुम्ही आगटीपाशी बसलावता तेव्हा आम्ही चौघी चौदा-पंधरा माणसांची भांडी घासत होतो, आम्हाला कुणी हाक मारली का. खरंच मारली नव्हती. मला आत्ताच आठवलं की मीटिंग म्हणून आम्ही जेवढ्यांदा बसलो तेवढ्यांदा चौघंच होतो.

जमिनीचा विसार द्यायचा होता तो थांबवलाय. एका मित्राचा विजापूर रोडला जुना बंगला रिकामा आहे, तिथं उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर चारही घरं राहून बघू, भिंतीवर वही टांगून भाकरीपासून सगळ्याचे तास लिहायचे, ही बायकोची अट आहे. रविवारी आठही जण बसतोय. आईलापण बोलावलंय, आणि त्या दिवशी पाणी आहे म्हणून सगळ्यांना सातनंतर सांगितलंय.