मदत हवी आहे: पायांवर उभी राहणारी बॉडी आपल्या ट्रेलरला चालेल का?

मंडळी, चाकण ते न्हावाशेवा आमचे ट्रेलर चालतात. कंपनीत माल भरायला गाडी तासन् तास उभी राहते, हॉर्स (ट्रेलर ओढणारी पुढची इंजिनची गाडी) अडकतो आणि ड्रायव्हरचा दिवस उन्हात जातो. याचा मला खरंच त्रास होतो. जास्तीचे ट्रेलर घेऊन सोडून ठेवावेत, तर प्रत्येकाचे एक्सल, टायर, विमा, कर आलेच.

जर्मनीत यावर सुटणाऱ्या बॉड्या वापरतात. लांबी साधारण 7.15 ते 7.82 मीटर, खाली चार दुमडणारे पाय. तळाच्या कड्या 20 फुटी कंटेनरच्याच अंतरावर, त्यामुळे तेच ट्विस्ट लॉक (कंटेनर गाडीला पक्का धरणारी फिरती कुलपं) बसतात. पाय सोडायचे, एअर सस्पेन्शनने (एक्सलवरच्या फुग्यांतली हवा सोडून) गाडी खाली घ्यायची आणि बॉडी तिथेच ठेवून बाहेर पडायचं. क्रेन लागत नाही.

माझी अडचण इथेच आहे. आमच्या स्केलेटल ट्रेलरला (नुसत्या फ्रेमचा, कंटेनर वाहणारा) हवेच्या फुग्यांऐवजी लोखंडी पाटे आहेत, तो खाली बसणार कसा? मागे एअर सस्पेन्शन बसवून घ्यावं, की फ्रेम उचलणारे हायड्रॉलिक जॅक पुरतील? पुण्याजवळ असं काम कुणी केलंय का?

आणि आरटीओचं काय? अशी पेटी कंटेनरसारखी माल म्हणून धरतात, की एआयएस-093 (ट्रक बॉडी आणि ट्रेलरच्या बांधणीचं मानक) प्रमाणे बॉडी म्हणून मंजुरी लागते? दोन्ही बाजूंनी ठाम सांगणारे भेटले, कागद कुणी दाखवला नाही.

यार्ड मुरुमाचं आहे. पावसाळ्यात भरलेल्या पेटीचे पाय रुततील, म्हणून पायांखाली काँक्रीटच्या पट्ट्या टाकणार आहे. जाडी किती ठेवू? प्रत्यक्ष वापरलेल्यांनी कृपया लिहा, फोटो असतील तर फारच उत्तम.