मदत हवी आहे: पोराचं माइनक्राफ्टमधलं गाव उडवलं

नमस्कार मंडळी, आम्ही दारव्हा तालुक्यातले. मुलगा सहावीत, मोबाइलवर माइनक्राफ्ट (ठोकळे रचून आपलं जग बांधायचा गेम) खेळतो. उन्हाळाभर बसून त्यानं आपलंच गाव उभारलं. पार, विहीर, तान्ह्या पोळ्याचं तोरण, पांढऱ्या लोकरीच्या ठोकळ्यांची कापसाची गंजी. (त्या गेममध्ये कापूस नाही, म्हणून लोकर!) परवा वर्गातल्या चार पोट्ट्यांना आत घेतलं अन् कोणीतरी टीएनटी (गेममधला स्फोटकाचा ठोकळा) लावून अर्धं गाव उडवलं. विहिरीत लाव्हा ओतला. पोरगं रात्री जेवलं नाही जी. नावही सांगत नाही, दोस्त आहेत म्हणतो.

सेटिंगमध्ये मला एवढं सापडलं: टीएनटीचा स्फोट अन् आग पसरणं बंद करता येतं, आणि कोणाला 'व्हिजिटर' केलं की तो काही तोडू शकत नाही. जगाची कॉपीही काढून ठेवता येते, पण ते आता समजून काय फायदा! बरं, सगळ्यांनाच व्हिजिटर केलं तर सोबत बांधणार कोण? नवीन येणारा आपोआप व्हिजिटर अन् विश्वासाचा एखादाच 'मेंबर' (म्हणजे बांधू-तोडू शकणारा), असं कोणी करून ठेवलंय का? दर महिन्याला रिअल्म्सचे (माइनक्राफ्टच्या स्वतःच्या ऑनलाइन सर्व्हरचे) पैसे भरणं आमच्यानं होणार नाही.

आणि त्या चौघांच्या घरी बोलू, की पोरांचं पोरांनाच मिटवू देऊ?